अमेरिकेतल्या किराणा दुकानात स्नॅप आणि ई-विक कार्डं सुरू करताना: फळी आधी, मशीन शेवटी

मध्य न्यू जर्सीतलं एक छोटं चालतं दुकान आम्ही नवरा-बायकोनं विकत घेतलं, त्याच्या तिसऱ्या दिवसाची गोष्ट. कडेवर मूल घेतलेल्या एक बाई काउंटरवर आल्या. कणकेची पिशवी, गॅलनभर दूध, केळी, अंडी. सगळं स्कॅन करून पिशवीत भरून झालं आणि त्यांनी फॅमिलीज फर्स्टचं कार्ड पुढे केलं. स्नॅप म्हणजे गरजू कुटुंबांना अन्नखरेदीसाठी मिळणारी सरकारी मदत, आणि न्यू जर्सीत तिचे पैसे याच कार्डावर येतात. आमच्याकडे ते चालत नव्हतं. दारावर मात्र जुन्या मालकानं लावलेलं 'ईबीटी चालतं' (म्हणजे सरकारी मदतीचं कार्ड चालतं) हे स्टिकर तसंच होतं. त्यांनी काही न बोलता दूध आणि अंडी बाजूला काढली, पर्समधल्या नोटा मोजून केळ्यांचे पैसे दिले आणि गेल्या. मागे रांगेत चार माणसं उभी होती. त्या संध्याकाळी आधी मी ते स्टिकर खरवडून काढलं.

स्नॅपचं कार्ड चालू व्हायला त्यानंतर काही महिने लागले आणि ई-विकला, म्हणजे आया आणि लहान मुलांसाठीच्या 'विक' या पोषण कार्यक्रमाच्या कार्डाला, त्याहून जास्त. त्यातला निम्मा वेळ उलट्या क्रमानं काम केल्यामुळे गेला. आम्ही सुरुवातच मशीनपासून केली होती. मशीन हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरं काम फळीवरचा माल, बारकोड आणि काउंटरवरची माणसं यांचं आहे. अमेरिकेत किराणा दुकान उघडणाऱ्या किंवा चालतं दुकान घेणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे सगळं क्रमानं लिहिते आहे. उदाहरणं न्यू जर्सीची असली तरी स्नॅपचे मूळ नियम देशभर सारखे आहेत. विकचे तपशील राज्यागणिक बदलतात, तेव्हा तुमच्या राज्याचं विक्रेत्यांसाठीचं पुस्तक हाताशी असू द्या.

१. दोन कार्डं, दोन वेगळे कारभार

गिऱ्हाईक दोन्हींना 'कार्ड'च म्हणतं. तुम्ही मात्र पहिल्या दिवसापासून ती वेगळी ठेवा.

स्नॅप म्हणजे पूर्वीचे फूड स्टँप. २००८ मध्ये नाव बदललं. कागदी कुपनांच्या जागी कार्ड आणण्याचा पहिला प्रयोग १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंग शहरात झाला आणि २००४ पर्यंत सगळी राज्यं कार्डावर आली. या कार्डावर डॉलर असतात. नियमात बसणारा कुठलाही खाद्यपदार्थ, कुठल्याही ब्रँडचा, कितीही मोठ्या पिशवीतला घेता येतो. दुकानाला परवानगी थेट केंद्र सरकारच्या कृषी खात्याची फूड अँड न्यूट्रिशन सर्व्हिस, म्हणजे एफएनएस, देते.

विक हा गरोदर आणि बाळंत स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या आया, तान्ही बाळं आणि पाच वर्षांच्या आतली मुलं यांच्यासाठीचा पोषण कार्यक्रम आहे. तोही कृषी खात्याच्याच पैशावर चालतो, पण चालवतं राज्य. न्यू जर्सीत तो राज्याच्या आरोग्य खात्याकडे आहे. या कार्डावर डॉलर नसून वस्तू असतात: इतके गॅलन दूध, एक डझन अंडी, इतके औंस सीरियल, एक पौंड डाळ किंवा कडधान्य. डॉलरमध्ये असते ती फक्त फळं-भाज्यांची रक्कम. २०१० च्या कायद्यानं सगळ्या राज्यांना १ ऑक्टोबर २०२० पर्यंत कागदी चेक बंद करून कार्ड आणायला सांगितलं होतं.

म्हणून स्नॅपची तयारी मुख्यतः परवान्याची असते, तर विकची तयारी एकेका डब्याच्या बारकोडपर्यंत जाते. आधी स्नॅप पूर्ण करा. बरीच राज्यं विकचा करार करण्याआधी स्नॅपचा परवाना मागतात.

२. चालतं दुकान घेतलं असेल तर

स्नॅपचा परवाना मालकाच्या नावावर असतो. दुकानाबरोबर तो हस्तांतरित होत नाही. विक्री झाली की जुन्या मालकाचा परवाना संपतो आणि नव्या मालकाला पहिल्यापासून अर्ज करावा लागतो.

आम्हाला विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "तुमचं येईपर्यंत माझ्याच मशीनवर घ्या, महिन्याअखेर हिशोब करू." असं सांगणारे बरेच भेटतील. ऐकू नका. विना परवाना कार्ड घेतलं तर दंड होतो, आणि तुमचा स्वतःचा अर्ज फेटाळला जायला तेवढं कारण पुरतं. ताबा घेण्याआधी विकणाऱ्याकडून दोन गोष्टी लेखी घ्या: त्याच्या परवान्यावर एफएनएसची कुठलीही नोटीस किंवा चौकशी चालू नाही हे, आणि जुनी मशीन तो स्वतः परत करणार हे. दारावरची, खिडकीवरची, गल्ल्यावरची सगळी जुनी स्टिकरं काढून टाका.

शक्य असेल तर व्यवहार चालू असतानाच अर्जाची कागदपत्रं जमवायला लागा. मधले बिनपरवान्याचे आठवडे जुन्या गिऱ्हाइकांना फार जड जातात.

३. फळी मोजा

स्नॅपसाठी पात्र ठरायला दोन वाटा आहेत, आणि भारतीय किराणा दुकानानं आपली वाट आधी ठरवणं गरजेचं आहे.

पहिली वाट मालाच्या साठ्याची. मुख्य अन्नाचे चार गट मानले आहेत: मांस, मासे, अंडी यांचा एक, ब्रेड आणि धान्यांचा दुसरा, फळं-भाज्यांचा तिसरा, दूध आणि दुधाच्या पदार्थांचा चौथा. आम्ही अर्ज केला तेव्हाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक गटात किमान तीन वेगवेगळे प्रकार, प्रत्येक प्रकाराचे तीन नग, आणि किमान दोन गटांत नाशवंत माल असा साठा कायम लागत होता. प्रकारांची ही संख्या वाढवण्याचे प्रयत्न २०१६ पासून होत आले आहेत, म्हणून अर्ज भरण्याच्या आठवड्यात चालू आकडा एफएनएसच्या पानावर पाहूनच फळी लावा.

आपले लोक इथे दोन ठिकाणी फसतात. एक, मसाले, फरसाण, चिवडा, मिठाई, साखर, चहा, लोणची, शीतपेयं यांनी दुकान गच्च भरलेलं दिसलं तरी यातलं काही मुख्य अन्नात धरत नाहीत. स्नॅपवर ते विकता येतं, पण पात्रता ठरवताना ते मोजलं जात नाही. दोन, एकाच पदार्थाचे ब्रँड म्हणजे प्रकार नव्हेत. चार कंपन्यांची कणीक हा एकच प्रकार. कणीक, तांदूळ आणि पोळ्या हे मात्र तीन.

आणि शाकाहारी दुकानाचा प्रश्न राहतोच. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाच्या दुकानात अंड्याच्या पलीकडे त्या गटातलं काही ठेवायची घरातल्या मोठ्यांची तयारी नव्हती. त्यांनी दुसरी वाट घेतली: दुकानाच्या एकूण विक्रीपैकी निम्म्याहून जास्त विक्री मुख्य अन्नाची असेल तर दुकान पात्र ठरतं. कणीक, तांदूळ, भाज्या, दूध, पनीर, दही यांवर चालणारं दुकान या वाटेनं सहज बसू शकतं. त्यासाठी गल्ल्यावरच्या यंत्रात प्रत्येक वस्तूचा विभाग नीट टाकलेला हवा. सगळं 'किराणा' या एका बटणावर मारत असाल तर विक्रीची विभागणी दाखवणार कशी? किमान दोन महिने आधी विभाग पाडा.

गरम वडापाव, समोसे यांचा कोपरा चालवत असाल तर आणखी एक मोजणी करा. तयार खाद्यपदार्थांची विक्री एकूण विक्रीच्या निम्म्यावर गेली तर दुकान खानावळीत मोडतं आणि अपात्र ठरतं.

४. कागद आणि अर्ज

अर्जाचं नाव एफएनएस-२५२. तो ऑनलाइन भरता येतो आणि त्याला फी नाही. 'आम्ही करून देतो' म्हणत पैसे मागणारे मध्यस्थ भेटतील. त्यांची गरज नाही.

हाताशी ठेवा:
– व्यवसायाचा परवाना आणि खाद्यविक्रीचा स्थानिक आरोग्य परवाना, चालू वर्षाचे
– प्रत्येक मालकाचं, भागीदाराचं किंवा कंपनीच्या पदाधिकाऱ्याचं फोटो ओळखपत्र
– त्या प्रत्येकाच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा पुरावा
– व्यवसायाचा कर क्रमांक
– दुकानाचा पत्ता आणि वेळा, भाडेकरारावर आहेत तशाच
– वर्षाची विक्री (जुनं दुकान असेल तर कर विवरणातली, नवं असेल तर अंदाज), विभागवार

कॅलिफोर्निया, टेक्सस, वॉशिंग्टन, ॲरिझोना यांसारख्या राज्यांत नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. तिथे दुकान एकाच्या नावावर असलं तरी जोडीदाराची माहितीही द्यावी लागते. अनेकांचे अर्ज इथेच परत येतात. सही मालकाचीच हवी. व्यवस्थापकाची किंवा हिशोबनिसाची चालत नाही.

नावं सगळ्या कागदांवर एकसारखी आहेत का ते बघा. आपल्याकडे वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून कुठे असतं, कुठे नसतं. एका कागदावर पूर्ण नाव आणि दुसऱ्यावर आद्याक्षर, एवढ्यावरून आमच्याकडे खुलासा मागितला गेला आणि दोन आठवडे गेले. निर्णयाला साधारण ४५ दिवसांपर्यंत लागतात, पण ते अर्ज पूर्ण झाल्यापासून मोजतात, पाठवल्यापासून नव्हे.

मधल्या काळात एफएनएसनं नेमलेला माणूस न सांगता दुकान पाहायला येतो. त्याच्याकडे पत्र असतं. तो फळ्यांचे, फ्रीजचे, मागच्या कोठीचे फोटो काढतो. हे काउंटरवरच्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. अनोळखी माणूस कॅमेरा घेऊन कोठीत शिरू पाहतो म्हटल्यावर दुपारपाळीचा मुलगा त्याला हाकलून देईल, आणि त्यात त्याची चूक नसेल. त्या दिवशी भाजीची खेप संपलेली असली तर रिकाम्या फळीचाच फोटो जातो, म्हणून अर्ज दिल्यापासून साठा रोज पूर्ण ठेवा.

मंजुरी आली की सात आकडी परवाना क्रमांक मिळतो. पाच वर्षांनी पुन्हा मंजुरी घ्यावी लागते. तेव्हाचं पत्र जुन्या ईमेलवर जाऊन पडू नये म्हणून पत्ता-ईमेल बदलला की लगेच कळवा.

५. आता मशीन

सात आकडी क्रमांक हातात येईपर्यंत कुठलाही मशीनचा करार करू नका. आम्ही केला होता. ४८ महिन्यांचा, मध्ये न तुटणारा भाडेकरार, आणि परवाना यायच्या आधीच भाडं सुरू.

२०१४ च्या कृषी कायद्यानंतर बहुतेक दुकानांना मशीन स्वतःच्या खर्चानं घ्यावी लागते. स्नॅपच्या व्यवहारावर क्रेडिट कार्डासारखी इंटरचेंज फी, म्हणजे बँकांची व्यवहारामागची फी, लागत नाही. कार्डाचे व्यवहार पार पाडणारी प्रोसेसर कंपनी मात्र आपली फी लावते. तेव्हा विक्रेत्याला चार गोष्टी विचारा: महिन्याचं भाडं किती, प्रत्येक व्यवहारामागे किती, करार कधी मोडता येतो, आणि हीच मशीन आपल्या राज्यात ई-विकसाठी प्रमाणित आहे का. शेवटचं उत्तर तोंडी घेऊ नका. राज्याच्या विक कार्यालयाकडे प्रमाणित यंत्रणांची यादी असते. ती मागवा आणि मशीनच्या सॉफ्टवेअरची आवृत्तीसुद्धा जुळते का ते पाहा. आम्हाला 'विकला चालते' म्हणून दिलेली यंत्रणा चालत होती, पण दुसऱ्या राज्यात.

मशीनवर 'ईबीटी फूड' आणि 'ईबीटी कॅश' अशी दोन बटणं असतात, कारण त्याच कार्डावर कुणाकुणाला रोख मदतीचं वेगळं खातंही असतं. फूड खात्यातून रोख रक्कम कधीही देता येत नाही.

करसुद्धा तपासा. न्यू जर्सीत कँडी आणि शीतपेयांवर ६.६२५ टक्के विक्रीकर लागतो, पण स्नॅपनं घेतलेल्या वस्तूवर तो लावता येत नाही. यंत्रणेनं हा कर आपोआप वगळला पाहिजे. चाचणीला एक सोड्याची बाटली मारून बघा.

६. आपल्या मालात काय चालतं, काय नाही

साधी कसोटी डब्याच्या मागे असते. लेबलावर 'न्यूट्रिशन फॅक्ट्स' असेल तर तो खाद्यपदार्थ. 'सप्लिमेंट फॅक्ट्स' असेल तर ते पूरक औषध, आणि ते स्नॅपवर चालत नाही. च्यवनप्राश, इसबगोल, त्रिफळा चूर्ण, अश्वगंधा अशा वस्तूंचा निवाडा याच चौकटीवर होतो, आणि एकाच वस्तूच्या दोन कंपन्यांची लेबलं वेगळी असू शकतात. प्रत्येक डबा उलटा करून पाहा.

डाळ-तांदूळ, तूप, तेल, मसाले, गोठवलेले पराठे, पनीर, फरसाण हे चालतं. देवासाठी म्हणून घेतला तरी नारळ खाद्यपदार्थच आहे. उदबत्ती, कापूर, कुंकू, वाती, स्टीलची भांडी, डोक्याला लावायचं तेल, साबण, पिशवी हे चालत नाही. घरी लावून खायची भाजी देणारं बी आणि रोप चालतं. मिरचीचं रोप स्नॅपवर घेता येतं हे आमच्या कितीतरी गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हतं.

गरम पदार्थांचा नियम कडक आहे. थंड, डब्यात बंद समोसे चालतात. तेच समोसे दुकानातच गरम करून दिले तर चालत नाहीत, मग पैसे गरम करण्याआधी घेतलेले असोत की नंतर. गणपतीत फ्रीजमधले मोदक कार्डावर गेले. वाफेवरून काढलेले नाही.

१ जानेवारी २०२६ पासून नेब्रास्का, आयोवा, इंडियाना, युटा आणि वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांत शीतपेयं किंवा तत्सम पदार्थांवर जादा बंधनं आली आहेत. यादी राज्याप्रमाणे वेगळी आहे. तिथे दुकान असेल तर वस्तूंची खूण यंत्रणेतच बदलून घ्या. ते काम गल्ल्यावरच्या माणसाच्या आठवणीवर सोडू नका.

७. विकचा करार

विकचा विक्रेता होण्यासाठी राज्याकडे वेगळा अर्ज, दुकानाची पाहणी, किमतींची यादी आणि प्रशिक्षण लागतं. करार जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. अर्ज वर्षभर घेतात की ठरावीक काळातच, ते आधी विचारा.

किमान साठ्याची यादी राज्य देतं आणि ती स्नॅपपेक्षा फार नेमकी असते: कुठल्या आकाराचं दूध, कुठली सीरियल, किती फळं-भाज्या, आणि बाळाच्या दुधाची पावडर. ही पावडर राज्यानं ज्या कंपनीशी करार केला असेल तिचीच ठेवावी लागते, आणि ती राज्याच्या मान्य यादीतल्या घाऊक विक्रेत्याकडूनच घ्यावी लागते. स्वस्त मिळाली म्हणून भलत्या ठिकाणाहून एक खोकंसुद्धा आणू नका. प्रत्येक खरेदीचं बिल फाईलला लावा. तपासणीत पहिलं तेच मागतात.

दराचा एक मुद्दा समजून घ्या. प्रत्येक वस्तूला राज्य जास्तीत जास्त किती देणार याची मर्यादा ठरलेली असते. तुमची किंमत त्याहून जास्त असेल तर मर्यादेइतकेच पैसे मिळतात, आणि उरलेला फरक गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही. फळं-भाज्यांचं तेवढं वेगळं आहे. तिथे कार्डावरच्या रकमेपेक्षा बिल जास्त झालं तर गिऱ्हाईक वरचे पैसे रोख किंवा स्नॅपनं भरू शकतं, आणि तुम्ही ते घेतले पाहिजेत.

८. बारकोड: इथे खरा घाम निघतो

राज्याची मान्य वस्तूंची एक फाईल असते. तिला एपीएल म्हणतात. प्रत्येक वस्तूचा बारकोड क्रमांक, तिचा गट आणि उपगट त्यात असतो. स्कॅन केलेला क्रमांक एपीएलमध्ये असेल आणि तो गट त्या गिऱ्हाइकाच्या कार्डावर शिल्लक असेल, तरच वस्तू मंजूर होते. ही फाईल सारखी बदलते, म्हणून यंत्रणेनं ती रोज उतरवून घेतली पाहिजे. सकाळी दुकान उघडताना फाईलची तारीख बघायची सवय लावून घ्या. आमच्याकडे चार दिवस जुनी फाईल चालू राहिली, तेव्हा नव्या वेष्टनातला ब्रेड प्रत्येक गिऱ्हाइकाला नाकारला गेला आणि आम्ही समजत राहिलो की कार्डांतच काही खोट आहे.

भारतीय दुकानाची खास अडचण डाळीची आहे. विकवर कडधान्य आणि डाळ मान्य आहे, पण ती एक पौंडाच्या पिशवीत. आपल्या पुरवठादारांकडून तूर, मूग, मसूर येते ती दोन आणि चार पौंडांच्या पिशव्यांतून. तीन फळ्या डाळीनं भरलेल्या आणि विकवर त्यातलं एक पाकीट चालत नाही, असं आमच्याकडे झालं. स्वतः वजन करून भरलेली पिशवीही उपयोगाची नाही, कारण तिच्यावर एपीएलमधला बारकोड नसतो. आम्ही एक पौंडाची मसूर आणि चवळी देणारा वेगळा पुरवठादार शोधला. तांदळाचंही तेच. चालतो तो ब्राऊन राईस, आणि तोही ठरावीक आकाराच्या पाकिटात. बासमतीची वीस पौंडांची गोणी स्नॅपवर जाते, विकवर नाही.

सुट्या भाज्यांना बारकोड नसतो, तिथे पीएलयू क्रमांक लागतो. केळ्यांचा ४०११ सगळ्यांना पाठ असतो. भेंडी, कारली, दुधी, तोंडली यांना दुकानदारांनी बरेचदा आपापले क्रमांक दिलेले असतात, आणि असा घरचा क्रमांक विकच्या यंत्रणेला कळत नाही. तो मान्य क्रमांकाशी जोडून घ्यावा लागतो. ही जोडणी एका शांत दुपारी बसून, भाजीची टोपली शेजारी ठेवून, एकेक करून करा.

मान्य असायला हवी अशी एखादी वस्तू नाकारली जात असेल तर बारकोडचा आणि लेबलाचा फोटो राज्याच्या विक कार्यालयाकडे पाठवा. त्यासाठीची पद्धत ठरलेली असते. गल्ल्याशेजारी चालणाऱ्या वस्तूंचे बारकोड चिकटवून ठेवायचे आणि नाकारलेल्या वस्तूऐवजी ते स्कॅन करायचे, ही युक्ती कुणी सुचवली तर स्पष्ट नाही म्हणा. समोर आहे तीच वस्तू स्कॅन झाली पाहिजे. दुसरा बारकोड मारणं हा करारभंग आहे.

विकची मशीन गल्ल्यापासून वेगळी असेल तर प्रत्येक वस्तू दोनदा मारावी लागते, एकदा तिथे आणि एकदा गल्ल्यावर. महिन्याला मोजकीच विक गिऱ्हाइकं असतील तर हे परवडतं. रोज पाच-सहा येत असतील तर एकत्र चालणारी यंत्रणा घ्या. रांग थांबते ती दुसऱ्या स्कॅनमुळे.

९. काउंटरवरची माणसं

दोन्ही कार्डं एकत्र आली तर आधी विक, मग स्नॅप, मग रोख किंवा बँक कार्ड. हा क्रम गल्ल्याच्या आतल्या बाजूला लिहून लावा. उलटं केलं तर विकवर फुकट मिळणाऱ्या दुधाला गिऱ्हाइकाचे स्नॅपचे डॉलर खर्च होतात.

विकच्या व्यवहारात आधी शिल्लक छापून गिऱ्हाइकाच्या हातात द्या. दूध नाकारलं जाण्याचं बहुतेक वेळा कारण एवढंच असतं की दोन वर्षांवरच्या मुलासाठी कमी स्निग्धांशाचं दूध लिहिलेलं असतं आणि हातात पूर्ण स्निग्धांशाचं असतं. "तुमचं कार्ड चालत नाही" असं मोठ्यानं म्हणू नका. "ताई, तुमच्या यादीत एक टक्केवालं आहे, मी आणून देते" म्हटलं की अर्ध्या मिनिटात काम होतं.

पिन गिऱ्हाइकानंच टाकायचा. ओळखीतलं म्हणून कुणाचं कार्ड किंवा पिन दुकानात ठेवून घ्यायचा नाही. उधारीचा मोह टाळा. आपल्याकडे वहीवर मांडून ठेवायची आणि पहिल्या तारखेला घ्यायची पद्धत आहे, पण आधी उधार नेलेल्या मालाचे पैसे स्नॅपमधून घेता येत नाहीत. मदत करावीशी वाटली तर ती कार्डाशी जोडू नका. कार्डावर किमान खरेदीची अट घालता येत नाही, आणि परवानगीशिवाय फक्त स्नॅपवाल्यांनाच सवलतही देता येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारी कामकाज बंद पडून पैसे लांबले, तेव्हा आम्हालाही वाटलं की कार्डवाल्यांना दहा टक्के कमी घ्यावेत. नियम कळल्यावर आम्ही दूध, अंडी आणि डाळीचा भाव सगळ्यांसाठीच उतरवला.

माल परत आला तर पैसे त्याच कार्डावर परत करायचे, रोख नाही. कार्डाच्या बदल्यात रोकड देणं हा सगळ्यात गंभीर गुन्हा आहे. त्यात दुकान कायमचं अपात्र ठरू शकतं, मग ते मालकाला न विचारता नोकरानं केलेलं असलं तरी. विकमध्ये अपात्र ठरलात तर स्नॅपही जाऊ शकतं. म्हणून प्रशिक्षणाची वही ठेवा: तारीख, काय शिकवलं, शिकणाऱ्याची सही. नवा माणूस गल्ल्यावर बसण्याआधीची सही हवी. पुढे काही घडलंच, तर आपण आधीपासून नीट शिकवत होतो हे दाखवायला ही वहीच कामी येते.

१०. मशीनची राखण, आणि वीज गेली तर

बहुतेक राज्यांतली ही कार्डं अजून चुंबकीय पट्टीची आहेत. कॅलिफोर्नियानं २०२५ मध्ये चिपची कार्डं द्यायला सुरुवात केली, बाकीच्या बहुतेकांना वेळ लागेल. चोर मशीनवर हुबेहूब दिसणारं प्लास्टिकचं टोपण बसवून पट्टी आणि पिन चोरतात. बसवायला काही सेकंद पुरतात: एकजण मागच्या फळीवरचं काहीतरी मागतो, दुसरा टोपण दाबून बसवतो. चोरीला गेलेली रक्कम भरून देण्याची केंद्राची तरतूद २० डिसेंबर २०२४ पर्यंतच्या चोऱ्यांसाठी होती. त्यानंतर गेलेले महिन्याच्या जेवणाचे पैसे त्या कुटुंबाला त्या वाटेनं परत मिळत नाहीत.

म्हणून दर पाळीला मशीन हातात घ्या, कडा नखानं उचकून बघा, पट्टी ओढायच्या खाचेत बोट फिरवा, आकड्यांची बटणं नेहमीपेक्षा उंच किंवा घट्ट लागतात का पाहा. नव्या मशीनचा सगळ्या बाजूंनी फोटो काढून गल्ल्यात ठेवा, म्हणजे ताडून बघता येतं. मागच्या बाजूला न निघणारं स्टिकर लावून त्यावर सही करा. टोपण सापडलं तर मशीन तशीच बंद ठेवून पोलीस आणि प्रोसेसर दोघांना कळवा.

यंत्रणा बंद पडली तर स्नॅपसाठी कागदी व्हाउचरची सोय असते. आधी फोनवर मंजुरी घ्यायची, मग गिऱ्हाइकाची सही. मंजुरी न घेता माल दिलात आणि खात्यात पैसे नसले तर तोटा तुमचा. कोरी व्हाउचरं आणि फोन नंबर गल्ल्याखाली ठेवा, आणि दर तीन महिन्यांनी नंबर चालू आहे का ते पाहा.

११. पहिल्या महिन्याचं वेळापत्रक

कार्ड सुरू करायचा दिवस महिन्याच्या मध्यावर धरा. न्यू जर्सीत स्नॅपचे पैसे महिन्याच्या पहिल्या काही दिवसांत येतात, आणि त्या गर्दीत नवी मशीन शिकणं कुणालाच जमत नाही. पहिले चार-पाच दिवस रोज रात्री तीन आकडे जुळवा: गल्ल्यावरची कार्डविक्री, मशीनचा दिवसाचा गोषवारा, आणि एक-दोन दिवसांनी बँकेत जमा झालेली रक्कम. विकमध्ये फरक दिसला तर तो बहुधा दरमर्यादेचा असतो. कुठल्या वस्तूवर पैसे कापले गेले ते पाहून तिची किंमत ठरवा.

विकचा माल पुढच्या महिन्यात नेता येत नाही. शेवटची तारीख पावतीवर छापलेली असते. महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत दूध, अंडी, सीरियल आणि बाळाच्या दुधाची पावडर एरवीपेक्षा जास्त मागवून ठेवा, आणि त्या संध्याकाळी गल्ल्यावर नवशिक्या माणसाला एकटं बसवू नका. 'ईबीटी चालतं' आणि 'विक चालतं' ही नवी स्टिकरं पहिला व्यवहार नीट पार पडून त्याचे पैसे बँकेत आल्यावरच दारावर लावा. आम्ही तशीच लावली, जुन्या स्टिकरचा गोंद अजून जिथे दिसतो त्याच जागी.